जपानी भाषेतील चाहत्यांची परिभाषा : काही शब्दांचा इतिहास

नटाचे, खेळाडूचे किंवा एखाद्या कथामालेचे चाहते आपापसांत जी भाषा बोलतात ती कोशकारांच्या दृष्टीस फार उशिरा पडते. तिच्यातील शब्द अल्पायुषी असतात, पुष्कळदा थट्टेतून जन्मलेले असतात, आणि ते वापरणारांनाही त्यांच्या नोंदीची पर्वा नसते. जपानीत मात्र अशा शब्दांचा माग शंभराहून अधिक वर्षे मागे नेता येतो. आणि त्यांपैकी काहींचा संबंध पुढे थेट कायद्याच्या कलमांशी आलेला दिसतो. इंग्रजीत ‘फॅन’, ‘फॅनझिन’, ‘कन्व्हेन्शन’, ‘फॅन फिक्शन’, ‘कॅनन’ ह्या शब्दांनी जो व्यवहार सांगितला जातो तो जपानीत कोणत्या शब्दांनी सांगितला गेला, परका शब्द केव्हा ध्वनीसकट उचलला गेला, केव्हा त्यास देशी प्रतिशब्द मिळाला, आणि प्रतिशब्द मिळाला तेव्हा अर्थाची सीमा कोठे सरकली, एवढाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. जपानी शब्द येथे उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत; स्वरांच्या ऱ्हस्वदीर्घत्वाचा सूक्ष्म भेद मात्र सर्वत्र दाखविलेला नाही.

‘फॅन’ हा शब्द येण्यापूर्वी जपानीजवळ ‘हिइकि’ हा शब्द होता. काबुकी रंगभूमीवरील एखाद्या नटाचा कैवार घेणारा प्रेक्षक तो त्याचा हिइकि. शब्द मूळचा चिनी. बळ लावून भार पेलणे हा त्याचा जुना अर्थ. चीनमध्ये शिलालेखांचे प्रचंड स्तंभ पाठीवर घेऊन बसलेला जो कासवासारखा प्राणी कोरलेला आढळतो त्याचे नावही हेच आहे. जपानी ‘हिइकि’तून ही भार उचलण्याची कल्पना कधीच सुटली नाही. नटास भेटी द्याव्यात, त्याच्या प्रयोगाच्या जागा आपल्या माणसांनी भरून काढाव्यात, प्रतिस्पर्ध्याच्या कैवाऱ्यांशी चार शब्दांचा झगडाही करावा, अशी ती जबाबदारी होती. ओसाकात अशा आश्रयदात्यांच्या मंडळ्याच होत्या. त्यांचे सभासद एकसारखी शिरोवस्त्रे घालून नाट्यगृहात बसत आणि नटाच्या स्वागतासाठी ठरलेल्या तालात टाळ्या देत. ह्या टाळ्यांचा विधी हा स्वतःच एक प्रेक्षणीय कार्यक्रम समजला जाई. फाजील कैवार घेतल्याने ज्याचा कैवार घ्यावा तोच कोलमडतो, अशा अर्थाची एक म्हणही ह्या शब्दावर बेतलेली आहे. आज रोजच्या जपानीत हिइकि म्हणजे पक्षपात, मास्तरांचा एखाद्या मुलाकडे असलेला ओढा, हा अर्थ अधिक ऐकू येतो.

इंग्रजी ‘फॅन’ची घडण ह्याहून निराळी आहे. तो ‘फॅनॅटिक’ ह्या शब्दाचा संक्षेप असून १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बेसबॉलच्या वृत्तांतून रूढ झाला. त्याच्या तळाशी देवळाचा वाचक असा लॅटिन शब्द आहे. अंगात आलेला भक्त, हे त्याचे मूळ चित्र होय. अशा भक्ताकडून कोणी पैशाची वा आश्रयाची अपेक्षा करीत नाही. तो केवळ आरोळी देतो.

आरोळी देणारा हा वर्ग जपानमध्ये ‘फॅन’ शब्दाच्या आधीच उभा राहिला होता, हे महत्त्वाचे आहे. १८९०च्या सुमारास तोक्योत गिदायू ही कथागायनाची शैली गाणाऱ्या तरुण गायिकांची मोठी लाट आली. ताकेमोतो आयानोसुके हे त्यांतील प्रसिद्ध नाव. त्यांच्या मागे एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीस धावणारे श्रोते मुख्यतः विद्यार्थी होते. कथेतील करुण प्रसंग ऐन रंगात आला की ते “आता काय करू, काय करू!” अशा अर्थाचे ‘दोऽसुरु, दोऽसुरु’ ओरडत. ह्या मंडळींजवळ हिइकि होण्याइतका पैसा नव्हता, आणि हिइकिशिवाय दुसरा शब्द भाषेजवळ नव्हता. तेव्हा लोकांनी त्यांच्या ओरडण्यावरूनच त्यांचे नाव पाडले : ‘दोऽसुरु-रेन’, म्हणजे ‘काय करू’ची टोळी. ‘वन्स मोअर’च्या गर्जनांनी नाटके पहाटेपर्यंत लांबविणारे आपल्याकडील संगीत नाटकांचे प्रेक्षक ज्यांनी पाहिले किंवा ऐकले आहेत, त्यांस ही टोळी ओळखीची वाटेल.

ह्या रिकाम्या जागी पुढे ‘फान’ हा शब्द येऊन बसला. २०व्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत चित्रपटांच्या आणि बेसबॉलच्या मार्गाने तो रुळला. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. बेसबॉल ह्या खेळाचे नाव जपान्यांनी भाषांतरित केले होते. ‘याक्यू’, म्हणजे मैदानी चेंडू, हे नाव १८९४ मध्ये च्यूमान कानाए ह्यांनी दिले. आणि फलंदाज, धावणारा इत्यादी खेळाडूंच्या भूमिकांना प्रतिशब्द देण्याच्या कामी हायकूंचा सुप्रसिद्ध कवी मासाओका शिकि ह्याचा १८९६ मधील लेखनाने मोठा हातभार लागला. मैदानावरील माणसांना असे देशी शब्द मिळाले. मैदानाबाहेर बसून ओरडणारास मात्र ते मिळाले नाहीत. माझ्या मते ह्याचे कारण सरळ आहे. खेळ शाळा-महाविद्यालयांतून आला व शिकविणारांना तो समजावून सांगावयाचा होता. प्रेक्षकास काहीच शिकवावयाचे नव्हते. त्याचा शब्द वृत्तपत्रांनी आणला, आणि वृत्तपत्रास भाषांतराची उसंत नसते.

परंतु प्रत्येक शब्दाच्या बाबतीत असे घडले नाही. चाहत्यांनी स्वतः काढलेल्या नियतकालिकास इंग्रजीत ‘फॅनझिन’ म्हणतात. हा शब्द रस शोव्हने ह्या अमेरिकन विज्ञानकथा-चाहत्याने १९४० मध्ये बनविला. जपानमध्ये अशा नियतकालिकाची वेळ १९५७ मध्ये आली, आणि त्या वेळी त्याच्यासाठी एक भारदस्त जुना शब्द तयार होता : ‘दोजिन्शि’. ‘दोजिन’ म्हणजे समानशील व्यक्ती. चिनी ‘यि चिंग’ ह्या प्राचीन ग्रंथातील ६४ आकृतींपैकी १३व्या आकृतीचे हे नाव आहे. ‘शि’ म्हणजे नियतकालिक. १८८५ मध्ये ओझाकि कोयो व त्याच्या मित्रांनी ‘गाराकुता बुन्को’ हे पत्र सुरू केले तेव्हा ते हाताने लिहून सभासदांत फिरविले जाई. पुढे ते छापले जाऊ लागले व १८८८ मध्ये बाजारात विक्रीसही आले. १९१०चे ‘शिराकाबा’ त्याच परंपरेतले. आधुनिक जपानी साहित्याचा केवढा तरी भाग अशा मित्रमंडळींच्या पत्रांतून उगवला आहे. आपल्याकडे १९५०-६०च्या दशकांत अशाच स्वरूपाची जी पत्रे निघाली त्यांना आपण ‘अनियतकालिके’ म्हटले. वस्तू पुष्कळशी एकच. परंतु मराठीने तिचे नाव तिच्या अनियमितपणावरून ठेवले आणि जपानीने ती काढणाऱ्यांच्या मैत्रीवरून.

१९५७ मध्ये शिबानो ताकुमि ह्यांनी ‘उच्यूजिन’ (विश्वधूळ) हे विज्ञानकथांचे दोजिन्शि काढले. शिबानो शाळेत गणित शिकवीत आणि इंग्रजीतून विज्ञानकथांची भाषांतरे करीत. भाषांतरकार म्हणून त्यांनी घेतलेले टोपणनाव ‘कोझुमि रेइ’ असे होते. दिसावयास हे अगदी सरळ जपानी नाव आहे. उच्चारले की त्यात ‘कॉस्मिक रे’ ऐकू येतो. परका शब्द ध्वनीने घ्यावा की अर्थाने, ह्या वादात दोन्ही पक्षांना एकाच वेळी शांत करणारे ह्याहून सुबक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

‘उच्यूजिन’ला फॅनझिन म्हणावे की दोजिन्शि? अमेरिकन अर्थाने फॅनझिन म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या कथांविषयी चाहत्यांनी केलेली चर्चा, पत्रव्यवहार, टीका. ‘उच्यूजिन’मध्ये ही सामग्री होतीच, तथापि त्याचे मुख्य काम सभासदांच्या स्वतःच्या कथा छापणे हे होते. होशि शिन्इचि ह्यांची ‘सेकिसुतोरा’ ही कथा प्रथम तेथे आली, आणि त्याच वर्षी ‘होसेकि’ ह्या व्यावसायिक मासिकाने ती उचलून घेतली. जपानी विज्ञानकथेतील एका अग्रगण्य लेखकाचा उदय तो हाच. म्हणजे दोजिन्शि हा शब्द येथे केवळ सोयीचा म्हणून वापरला गेला नाही, तो वस्तुस्थितीस धरूनही होता. ‘फान्जिन’ असा उसना शब्दही विज्ञानकथेच्या वर्तुळात वावरला, पण त्या वर्तुळाबाहेर त्याने फारसा पाय टाकला नाही. ह्या निवडीचा परिणाम दूरगामी झाला. चाहत्याच्या पुस्तिकेस जपानीत जे नाव मिळाले त्यात ‘चाहता’ हा घटकच नाही. मूळ लेखकाशी तिचे नाते काय, हे नावावरून कळत नाही. स्वतंत्र कथेची पुस्तिका आणि दुसऱ्याच्या पात्रांवर रचलेली पुस्तिका ह्या दोन्हींस आजही दोजिन्शि हेच म्हणतात.

‘कन्व्हेन्शन’साठी ‘ताइकाइ’, म्हणजे महासंमेलन, हा प्रतिशब्द पक्का झाला. पहिले जपानी विज्ञानकथा-संमेलन १९६२च्या मे महिन्यात तोक्योच्या मेगुरो भागात भरले. ताइकाइ हा शब्द राजकीय पक्षांच्या अधिवेशनांस आणि शाळांच्या क्रीडामहोत्सवांस सारखाच चालतो, त्यामुळे तो निवडण्यात कोणास अडचण पडली नसावी. १९६८ मध्ये शिबानो स्वतः कॅलिफोर्नियात भरलेल्या जागतिक संमेलनास गेले. २००७ मध्ये तेच जागतिक संमेलन योकोहामात भरले तेव्हा चाहत्यांच्या वतीने सन्मान्य अतिथी म्हणून त्यांना निवडण्यात आले होते.

ह्या संमेलनांतूनच एका वेगळ्या शब्दाचा प्रश्न निघाला. अमेरिकन संमेलनांत कथेतील पात्रांसारखे पोशाख करून येण्याची पद्धत १९३९च्या पहिल्या जागतिक संमेलनापासून आहे, आणि त्या कार्यक्रमास ‘मॅस्करेड’ म्हणतात. जपानीत ह्याचे कोशगत प्रतिशब्द दोन. एक ‘मुखवट्यांचे नृत्य’ अशा अर्थाचा. त्याला युरोपातील सरदारांच्या मेजवान्यांचा वास येतो. दुसरा ‘कासो’, म्हणजे सोंग घेणे. ह्यात पहिले अक्षर ‘खोटे, तात्पुरते’ ह्या अर्थाचे असून शाळकरी मुलांच्या सोंगांच्या मिरवणुकीस हा शब्द लावतात. आवडत्या पात्राचा पोशाख महिनामहिना खपून शिवणारास आपण सोंग घेतले आहे असे म्हणवून घेणे रुचणार नाही हे उघड आहे. ताकाहाशि नोबुयुकि ह्यांनी ह्या दोन्ही शब्दांना बगल देऊन ‘कोसुपुरे’ हा शब्द बनविला. ‘कोसुच्यूमु पुरे’ ह्या उसन्या जोडशब्दाच्या प्रत्येक अर्ध्यातील दोन-दोन मात्रा घेऊन तो साधला आहे. चार मात्रांचा हा साचा जपानीचा अत्यंत आवडता असून वैयक्तिक संगणकासाठी ‘पासोकोन्’ आणि दूरनियंत्रकासाठी ‘रिमोकोन्’ हे शब्द त्याच साच्यातून निघाले आहेत.

ताकाहाशि १९८४ मध्ये लॉस एंजेल्सच्या जागतिक संमेलनास गेले, तेथील पोशाख पाहून त्यांना हा शब्द सुचला, अशी हकीकत पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ही हकीकत तारखांना टिकत नाही. ‘माय ॲनिमे’ ह्या मासिकाच्या जून १९८३च्या अंकातच हा शब्द छापलेला आहे. त्याखेरीज ‘कोसुच्यूमु पुरे’ हा पूर्ण शब्दही नवा नव्हता. जुन्या काळच्या वेषभूषेतील ऐतिहासिक नाटक किंवा चित्रपट ह्या अर्थाने समीक्षक तो वापरीत असत. तेथे ‘पुरे’ म्हणजे नाटक. चाहत्यांच्या तोंडी त्याचा अर्थ ‘खेळणे’ असा झाला. उगमकथा चुकीची असली तरी तिच्यातील कारणमीमांसा मात्र ग्राह्य धरावी असे मला वाटते : मॅस्करेडला प्रतिशब्द होते, पण त्यांपैकी एकही लावून घेणारांस मानवणारा नव्हता. पुढे हाच शब्द ‘कॉसप्ले’ होऊन इंग्रजीत परत गेला.

‘साकुरु’ (सर्कल) ह्या शब्दाचा प्रवास निराळ्या दिशेचा आहे. तो इंग्रजी दिसतो. परंतु सांस्कृतिक मंडळ ह्या अर्थाने तो जपानीत आणला तो कुराहारा कोरेहितो ह्या मार्क्सवादी समीक्षकाने, १९३१ मध्ये, सोव्हिएत कामगारांच्या मंडळांचा नमुना समोर ठेवून. युद्धोत्तर काळात कारखान्यांतून व गावांतून कविता लिहिणारांची, गाणी म्हणणारांची अशी साकुरु मंडळे पुष्कळ निघाली. चाहत्यांनी शब्द घेतला तो ह्या कामगारमंडळांच्या वापरातून. २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योत पहिले ‘कॉमिक मार्केट’ भरले तेव्हा त्यात ३२ साकुरु आणि सुमारे ७०० माणसे होती. पुस्तिका मांडून बसणारा प्रत्येक घटक हा तेथे साकुरु होय, मग तो एकटा मनुष्य का असेना! ‘वैयक्तिक साकुरु’ हा प्रयोग व्याकरणदृष्ट्या वदतोव्याघात आहे, पण तो सर्रास चालतो. तसेच तेथे ‘गिऱ्हाईक’ हा शब्द वर्ज्य मानतात. विकणारा, घेणारा व व्यवस्था पाहणारा हे तिघेही ‘सहभागी’. पुस्तिका विकली असे न म्हणता तिचे ‘हाम्पु’ केले, म्हणजे वितरण केले, असे म्हणावयाचे. आपल्याकडे तिकिटावर वा स्मरणिकेवर किंमत न छापता ‘देणगीमूल्य’ छापतात, त्यातली युक्ती हीच आहे. अशा मेळाव्यांचे सर्वसाधारण नाव मात्र ‘सोकुबाइकाइ’, आणि त्यात ‘बाइ’ म्हणजे विक्री सरळसरळ बसलेली आहे. ती कोणी काढून टाकली नाही.

विक्री हा शब्द टाळण्यामागे भिडस्तपणापेक्षा अधिक काही आहे, आणि येथे आपण ह्या विषयाच्या सर्वांत अवघड शब्दाशी येतो. इंग्रजीत दुसऱ्याच्या पात्रांवर चाहत्याने रचलेल्या कथेस ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. जपानीत ह्याचे भाषांतर आज बहुधा ‘निजि सोसाकु’ असे करतात. ‘निजि’ म्हणजे दुसऱ्या क्रमाचे, ‘सोसाकु’ म्हणजे निर्मिती. मराठीत ह्यास ‘दुय्यम निर्मिती’ म्हणण्याचा मोह होतो. परंतु दुय्यम निबंधकाच्या कचेरीपासून दुय्यम दर्जापर्यंत आपला ‘दुय्यम’ कमीपणा सांगतो, तर ‘निजि’ केवळ क्रम सांगतो. ‘द्वितीयक’ हाच शब्द मराठीत बरा.

फॅन फिक्शन आणि निजि सोसाकु ह्यांच्या सीमा जुळत नाहीत. इंग्रजी शब्द लेखकावर बोट ठेवतो : हे चाहत्याने लिहिले. जपानी शब्द कृतीवर बोट ठेवतो : हे दुसऱ्या कृतीपासून निघाले. चित्र, चित्रकथा, संगणकावरील खेळ, बाहुली, सर्व काही निजि सोसाकु होऊ शकते. इंग्रजी ‘फिक्शन’मध्ये ते मावत नाही. उलटपक्षी ह्या शब्दात प्रेम आहे की नाही ह्याची साक्ष नाही. १९७०-८०च्या दशकांत चाहते स्वतः ह्या प्रकारास ‘पारोदि’ म्हणत, मग त्यात विडंबन असो वा नसो. तो उसना शब्द हळूहळू मागे पडून ‘निजि सोसाकु’ पुढे आला तेव्हा थट्टेच्या जागी वर्गीकरण आले.

हे वर्गीकरण कोठून आले असावे? १९७० मध्ये संमत झालेल्या जपानी स्वामित्वहक्क कायद्यात ‘निजितेकि चोसाकुबुत्सु’ अशी संज्ञा आहे : मूळ कृतीचे भाषांतर करून, संगीतरचनेत बदल करून, रूप पालटून, नाटक वा चित्रपट बनवून किंवा अन्य प्रकारे रूपांतर करून तयार झालेली कृती. चाहत्यांचा शब्द ह्या संज्ञेच्या इतका जवळ आहे की कानाला ते एकाच कुळातले वाटतात. दोन्ही एकच नव्हेत. कायद्याच्या संज्ञेत मोडणारी कृती अनुमतीने झालेलीही असते, आणि चाहत्यांच्या शब्दात अनुमतीचा प्रश्न गृहीतच धरलेला नाही. भाषांतर करणारांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी : ह्या व्याख्येत पहिला क्रमांक भाषांतराचा आहे. शिबानोंनी इंग्रजीतून आणलेल्या कथा आणि कॉमिक मार्केटमध्ये मांडलेल्या पुस्तिका कायद्याच्या एकाच ओळीत बसतात, एवढेच की पहिल्यांच्या पाठीशी करारपत्र असते.

परक्या कृतीवर कृती रचण्यास जपानी परंपरेत प्रतिष्ठित नावे होती. जुन्या कवितेतील ओळ घेऊन नवी कविता बांधणे ह्यास वाका काव्यात ‘होन्कादोरि’ म्हणत आणि फुजिवारा नो तेइका ह्याने त्याचे नियम घालून दिले होते. काबुकीत सर्वांस ठाऊक असलेल्या कथाविश्वास ‘सेकाइ’ आणि त्यात नाटककाराने घातलेल्या नव्या कल्पनेस ‘शुको’ म्हणत. मेइजी काळात पाश्चात्त्य कादंबऱ्यांच्या देशी रूपांतरांस ‘होन्आन’ म्हणत. कुरोइवा रुइको ह्याने ‘माँटे क्रिस्टो’ आणि ‘ले मिझेराब्ल’ ह्यांना जपानी वेष चढविला तो ह्याच नावाखाली. ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ करणाऱ्या देवलांच्या वाचकांस ह्यात नवल वाटू नये. ओत्सुका एइजि ह्या समीक्षकाने १९८९ मध्ये चाहत्यांच्या पुस्तिकांचा उलगडा करताना सेकाइ व शुको ह्याच जोडीचा आधार घेतला. तथापि चाहत्यांनी स्वतः ह्यांपैकी एकही नाव आपल्या कामास लावले नाही. होन्कादोरि म्हणावे तर आपण तेइकाच्या पंक्तीस बसू पाहतो असे होईल, ही भीड त्यामागे असावी.

शब्दाचा हा प्रश्न केवळ कोशाचा राहिला नाही. १९९९ मध्ये पोकेमॉनच्या पात्रांवर पुस्तिका काढणाऱ्या एका स्त्रीस हक्कधारकांच्या तक्रारीवरून अटक होऊन दंड झाला, आणि ह्या सर्व व्यवहाराची बैठक किती निसरडी आहे हे प्रथमच ठळकपणे दिसले. जपानी कायद्यात स्वामित्वहक्काचा भंग हा हक्कधारकाने तक्रार केली तरच चालविला जाणारा गुन्हा होता. ट्रान्स-पॅसिफिक भागीदारी कराराच्या वाटाघाटींत ही अट काढण्याचा प्रस्ताव आला तेव्हा चाहत्यांत मोठी घबराट उडाली; मूळ लेखक डोळेझाक करीत असला तरी तिसराच कोणी पोलिसांना कळवू शकेल, अशी ती भीती होती. २०१३ मध्ये ‘दोजिन’ हे नाव धारण करणारी एक छापावयाची खूण निघाली ती ह्याच काळात. मूळ चित्रकथाकाराने ती आपल्या कृतीवर छापली की त्या कृतीवरील दोजिन्शि मेळाव्यांत वितरित करण्यास त्याची संमती आहे असे समजावयाचे.

अखेरीस ३० डिसेंबर २०१८ पासून जी दुरुस्ती अंमलात आली तिने तक्रारीवाचून खटला भरण्यास मर्यादा घातल्या : हेतू नफ्याचा किंवा हक्कधारकाचे नुकसान करण्याचा असला पाहिजे, हक्कधारकाच्या हिताला गैरवाजवी बाधा पोचली पाहिजे, आणि नक्कल ‘गेन्साकु’बरहुकूम, म्हणजे मूळ कृती जशीच्या तशी, असली पाहिजे. द्वितीयक निर्मिती ह्या शेवटच्या अटीमुळे बाहेर राहते. आता ‘गेन्साकु’ हा शब्द चाहत्यांच्या बोलण्यातही रात्रंदिवस येतो. ज्या मूळ कृतीवर आपण लिहितो ती गेन्साकु. इंग्रजी चाहते जेथे ‘कॅनन’ म्हणतील तेथे जपानी चाहता बहुधा हाच शब्द वापरतो. फौजदारी कलम आणि चाहत्यांची गप्प ह्यांस एकच शब्द पुरला, आणि त्या शब्दाबरहुकूम नसणे हेच चाहत्याचे संरक्षण ठरले.

‘कॅनन’चे शब्दशः भाषांतरही जपानीत झालेले आहे, पण एका विशिष्ट पंथापुरते. शेरलॉक होम्सच्या ६० कथांना ‘कॅनन’ म्हणण्याची विनोदी प्रथा, बायबलच्या पाठचिकित्सेची नक्कल करणाऱ्या रोनाल्ड नॉक्स ह्यांच्या १९११ मधील निबंधापासून वाढीस लागली. १९७७ मध्ये जपानचे शेरलॉक होम्स मंडळ स्थापन झाले. तेथील अभ्यासक ह्या ६० कथांना ‘सेइतेन’ म्हणतात, आणि तो शब्द दोन प्रकारे लिहिला जातो : एका लेखनाने त्याचा अर्थ होतो प्रमाण ग्रंथ, दुसऱ्याने पवित्र ग्रंथ. उच्चार एकच. इंग्रजीत जो विनोद एका शब्दाच्या दुहेरी अर्थात दडला आहे तो जपानीत असा लेखनभेदात उघडा पडतो. अन्य चाहत्यांनी हा शब्द घेतला नाही. ते गेन्साकु म्हणतात, किंवा ‘कोशिकि’, म्हणजे अधिकृत. अलीकडे तर निर्मात्या कंपनीसच कोशिकि म्हणण्याची चाल पडली आहे. धर्मग्रंथ जाऊन त्याच्या जागी कचेरी आली, असे म्हणावयास हरकत नाही.

पात्रांच्या जोड्या लावण्याच्या परिभाषेविषयी थोडक्यात. इंग्रजीत १९७०च्या दशकापासून ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी दोन पुरुषपात्रांच्या नावांमध्ये तिरपी रेघ घातली व तिच्यावरून त्या प्रकारासच ‘स्लॅश’ नाव पडले. जपानीत १९७९ मधील एका दोजिन्शिच्या विशेषांकापासून ‘याओइ’ हा शब्द प्रसिद्धीस आला. ‘कळस नाही, शेवट नाही, अर्थ नाही’ ह्या तीन जपानी वाक्यखंडांच्या आद्याक्षरांचा तो संक्षेप असून स्वतःचीच थट्टा आहे. जपानी चाहते नावांमध्ये गुणाकाराचे चिन्ह घालतात आणि ते चिन्ह अंकगणिताप्रमाणेच वाचतात. मात्र अंकगणितात क्रम बदलला तरी गुणाकार तोच राहतो; येथे पुढाकार घेणाऱ्याचे नाव आधी येते आणि क्रम उलटला की निराळी जोडी, निराळा वाचकवर्ग आणि कधीकधी कडाक्याचे भांडण. तिरप्या रेघेचे भाषांतर गुणाकाराने केले की मूळात नसलेला क्रम अनुवादकास स्वतः ठरवावा लागतो.

उलट दिशेच्या, म्हणजे जपानीतून बाहेर जाणाऱ्या शब्दांचीही हीच अडचण आहे. ‘ओताकु’ हा वस्तुतः एक आदरार्थी संबोधनाचा शब्द. शब्दार्थ ‘आपले घर’. “आपल्याकडे तो अंक आहे का?” ह्या मराठी प्रश्नातील ‘आपल्याकडे’ त्याच्या बराच जवळ जातो. चाहते एकमेकांना असे औपचारिक संबोधतात ह्यावर बोट ठेवून नाकामोरि आकिओ ह्यांनी १९८३ मध्ये त्या सर्वांनाच ते नाव दिले, आणि ते कुत्सितपणे दिले. १९८९ मधील बालहत्यांच्या प्रकरणाच्या वार्तांकनाने त्यास भीतीचीही छटा आली. इंग्रजीत तो शब्द गेला तेव्हा संबोधन वाटेत गळले व कुत्सितपणाही पुष्कळसा धुऊन निघाला.

ह्या मालिकेतील नवा शब्द ‘ओशि’. पुढे ढकलणे, शिफारस करणे ह्या अर्थाच्या क्रियापदावरून तो आला असून गायकांच्या समूहातील ज्या सभासदाची आपण शिफारस करतो तो आपला ओशि. उसिमि नव्हे, उसामि रिन ह्या तरुण लेखिकेच्या ‘ओशि, मोयु’ ह्या कादंबरीस जानेवारी २०२१ मध्ये आकुतागावा पारितोषिक जाहीर झाले आणि शब्द साहित्याच्या दरबारात आला. २०२२ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर निघाले तेव्हा शीर्षकात ओशिच्या जागी ‘आयडॉल’ घालण्यात आले. आयडॉल हा चाहत्याच्या आधीही आयडॉलच असतो. ओशि मात्र कोणीतरी ढकलणारा असल्याशिवाय ओशि होत नाही, आणि त्या कादंबरीचा सारा विषय हा ढकलणाऱ्या मुलीचा भार आहे. भार पेलण्याची ही कल्पना ‘फान’मध्ये कधीच नव्हती, ती ‘हिइकि’त होती.